पॅच पाठवायचाय, पण गिट येत नाही

गेल्या अंकात ओपन सोर्सवर दोन ओळी काय लिहिल्या, या वेळी निम्मी पत्रं गिटचीच आलीत, म्हणजे कोडमध्ये कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची. तीन घेतलीयत, बाकीच्यांची उत्तरं बहुतेक यातच सापडतील.

प्रश्न : मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गिटमधलं मला तीनच गोष्टी येतात, ॲड, कमिट, पुश (बदल निवडणं, नोंदवणं, वर पाठवणं), आणि काही बिघडलं की फोल्डर डिलीट करून परत क्लोन, म्हणजे सगळा कोड नव्याने उतरवणं. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, बूट होताना एका ड्रायव्हरचा एरर मेसेज येतो त्यात स्पेलिंग चुकलंय, तेवढं दुरुस्त करून कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पॅच (कोडमधला छोटा बदल) द्यायचाय. पण तिथं पुल रिक्वेस्ट (साइटवरून केलेली 'माझा बदल घ्या' अशी विनंती) घेतच नाहीत म्हणे, ईमेल करायला सांगतात. मला तर कळेना हे २००० सालातलं काम आहे की काय. गिट पूर्ण शिकायला किती महिने लागतील? आधी कोर्स लावू का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कोर्स राहू दे रे. गिट पूर्ण येतं असा माणूस मी तरी अजून बघितलेला नाही, आणि फोल्डर डिलीट करून परत क्लोन मारणं हे आम्ही सगळ्यांनीच केलंय, फक्त कुणी सांगत नाही. तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी पॅच पाठवू बघणाऱ्या बऱ्याच जणांकडे नसते, ती म्हणजे तुला स्वतःला दिसलेली खरी चूक. ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांसाठी हॅक्टोबरफेस्ट म्हणून ऑक्टोबरात एक उपक्रम असतो, २०२० च्या वेळी त्यात टी-शर्टसाठी लोकांनी कुणाच्याही रीडमीमध्ये एखादा शब्द घुसवून ढिगाने पुल रिक्वेस्ट पाठवल्या होत्या, मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, इतके वैतागले की आयोजकांना ऐन ऑक्टोबरात नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टला हवंय त्यानेच भाग घ्यायचा असा. तू त्यातला नाहीस, एवढं पुरे आहे सुरुवातीला.

आता ईमेलचं. ते जुनाट वाटतं खरं, पण उलट बघ, गिटच मुळात ईमेलने पॅच घेणाऱ्या लोकांसाठी तयार झालंय. लॅरी वॉलने १९८५ मध्ये पॅच नावाचा प्रोग्राम लिहिला, दोन फायलींमधला फरक दुसऱ्याला पाठवायचा आणि त्याने तो आपल्या फायलीवर चढवायचा, बस. लिनक्स सुरुवातीची दहा-अकरा वर्षं असंच चाललं, लोक मेलने फरक पाठवायचे आणि लिनक्स ज्याने सुरू केलं तो लायनस टोरवाल्ड्स ते हाताने घ्यायचा. २००२ ला बिटकीपर नावाचं, बदलांची नोंद ठेवणारं एका कंपनीचं सॉफ्टवेअर वापरायला लागले, २००५ मध्ये कर्नलवाल्यांना ते फुकट मिळणं बंद झालं, मग एप्रिलच्या सुरुवातीला लायनसने स्वतःच लिहायला घेतलं आणि चार-पाच दिवसांत गिटचा कोड गिटमध्येच ठेवता येईल इथपर्यंत आणलं. म्हणून तर गिटमध्ये फॉरमॅट-पॅच आहे, सेंड-ईमेल आहे, आणि ॲम म्हणून एक कमांड आहे जी मेलबॉक्समधले पॅच उचलून कमिट बनवते. गिटहब ही साइट आली २००८ मध्ये, पुल रिक्वेस्टचं ते हिरवं बटण नंतरचं. (कर्नलमध्ये पुल रिक्वेस्ट नसते असंही नाही, पण ती मेंटेनर लोक लायनसला पाठवतात, तीही मेलनेच. तू-मी नाही.)

तर कामाला लाग. पहिला अडथळा क्लोनचा. दहा लाखांच्या वर कमिट (नोंदवलेले बदल) आहेत कर्नलच्या रेपोत, म्हणजे कोड आणि त्याचा इतिहास ठेवलेल्या जागेत, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसलास तर डेटा तिथंच संपेल. लोक सांगतात डेप्थ एक टाकून क्लोन कर, होतं पटकन, पण मग जुना इतिहास येतच नाही आणि तुला तर तोच लागणारे. त्यापेक्षा फिल्टर ब्लॉब नन असा पर्याय आहे तो लाव, कमिट सगळे येतात, फायलींचा जुना मजकूर लागेल तसा उतरतो. किंवा सरळ कॉलेजच्या नेटवर रात्री लावून दे.

आलं की आधी काही बदलू नकोस. त्या ड्रायव्हरच्या फायलीवर गिट लॉग मार, वनलाइन लावून, आणि वीस-पंचवीस ओळी नुसत्या वाच. तिथं कळेल की त्या भागातले लोक कमिटची पहिली ओळ कशी लिहितात, आधी सबसिस्टमचं (कर्नलच्या त्या विभागाचं) नाव, मग कोलन, मग ड्रायव्हरचं नाव, मग काय केलं ते, आणि तेही आज्ञार्थी, म्हणजे 'दुरुस्त कर', 'केलं' नाही. तू तसंच लिहायचं, स्वतःची स्टाईल आणायची नाही. मग गिट ब्लेम मारून बघ ती चुकलेली ओळ कुणी कधी लिहिली. फार जुना ड्रायव्हर असेल तर गंमत दिसेल, अशा ओळी एप्रिल २००५ च्या एकाच कमिटवर जाऊन थांबतात, कारण गिटमध्ये कर्नल आणताना लायनसने आधीचा इतिहास आणलाच नाही, २.६.१२ या आवृत्तीचं आरसी-२ (रिलीजआधीचं चाचणीचं रूप) तेवढं टाकलं आणि तिथनं सुरू. मला पहिल्यांदा वाटलं होतं एकाच माणसाने एवढं सगळं एका दिवसात कसं लिहिलं बाबा.

आणखी एक, लिनक्स-नेक्स्ट नावाचं ट्री आहे, पुढच्या रिलीजला जाणारं काम तिथं गोळा होतं. तुझं स्पेलिंग तिथं आधीच कुणी दुरुस्त केलंय का ते बघून घे. स्पेलिंगच्या बाबतीत हे फार होतं.

मग ब्रँच (तुझ्या कामाची वेगळी फांदी) काढ, शब्द बदल, आणि कमिटच्या आधी गिट डिफ मारून बघ की फक्त तेवढीच ओळ बदललीय ना. इथं निम्मे पॅच मरतात. एडिटर सेव्ह करताना ओळीच्या शेवटच्या स्पेस काढून टाकतो, टॅबच्या जागी स्पेस करतो, आणि एका शब्दाचा पॅच चाळीस ओळींचा होतो, वाचणाऱ्याला वाटतं हा काय करतोय. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. दुसरी चूक दिसली तर दुसरा पॅच. यासाठी गिट ॲडला डॅश पी लावून बघ, ते एकेक तुकडा दाखवून विचारतं हा घेऊ का, आणि मला विचारशील तर तुझ्या त्या तीन गोष्टींमध्ये पहिली भर हीच पडू दे. दुसरी कमिटचं अमेंड, म्हणजे शेवटचा कमिट सुधारणं. तिसरी रिबेसचं इंटरॲक्टिव्ह रूप, म्हणजे आधीचे कमिट परत नीट मांडणं, पण ते एका पॅचला लागत नाही, मालिका पाठवशील तेव्हा बघू. अमेंड केलं की कमिटचा हॅश (त्याची ओळख असलेली अक्षर-आकड्यांची लांब ओळ) बदलतो, घाबरू नको, मजकूर, तारीख, नाव, आधीचा कमिट या सगळ्यावरून तो निघतो, यातलं काहीही हललं की नवा हॅश आणि म्हणजे नवा कमिटच. जुना मागे पडलेला असतो, पुसला जात नाही लगेच. (त्याचं पुढे तिसऱ्या पत्रात.)

कमिट करताना डॅश एस लाव, म्हणजे खाली साइन्ड-ऑफ-बाय अशी तुझ्या नावाची ओळ येते. ती शोभेची नाही. हे मी लिहिलंय किंवा मला द्यायचा हक्क आहे असं तू सही करून सांगतोयस, २००४ पासून आहे ती पद्धत, कोड कुठनं आला यावर कोर्टकचेरी झाली त्यानंतरची. तिथं निनावी पॅच चालत नाही, लोक तुला ज्या नावाने ओळखतात ते गिटच्या कॉन्फिगमध्ये आधी नीट घाल. मेसेजमध्ये काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिही. स्पेलिंगला का म्हणजे काय लिहायचं, तर हा मेसेज वापरणाऱ्याला लॉगमध्ये दिसतो, शोधताना चुकीच्या स्पेलिंगमुळे सापडत नाही, झालं, दोन ओळी.

आता कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये दोन गोष्टी आहेत. चेकपॅच तुझा पॅच तपासून बारीकसारीक तक्रारी करतं, आणि गेट-मेंटेनर सांगतं की हा पॅच कुणाला आणि कुठल्या मेलिंग लिस्टला जायला पाहिजे. लायनसला थेट पाठवू नकोस, प्लीज. आणि चेकपॅच सगळ्या कर्नलवर चालवून मिळेल ती स्पेस दुरुस्त करत सुटू नकोस, असल्या सफाईसाठी ड्रायव्हर्सच्या आत स्टेजिंग म्हणून वेगळा भाग आहे, नवखे तिथंच हात बसवतात.

पाठवायच्या आधी पहिला मेल स्वतःलाच कर. हे मी शहाणपणाने नाही, अनुभवाने सांगतोय. माझा पहिला पॅच मी ब्राउझरमध्ये मेल उघडून त्यात पेस्ट केला, तिथं टॅबचे स्पेस झाले, लांब ओळी मधेच तुटल्या, आणि समोरून एका ओळीचं उत्तर आलं की पॅच लागत नाही. मला वाटलं माझा कोडच चुकला, दोन दिवस कोड बघत बसलो. तर फॉरमॅट-पॅचने फाईल काढ, सेंड-ईमेलने स्वतःच्या पत्त्यावर पाठव, आलेला मेल जसाच्या तसा फाईलमध्ये सेव्ह कर, आणि ताज्या ब्रँचवर गिट ॲम चालव. बिनबोभाट लागला तर मेंटेनरकडेही लागेल. सेंड-ईमेल सेट करताना जीमेल असेल तर नेहमीचा पासवर्ड घेणार नाही, टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढावा लागतो, एकदाच करायचंय.

मग वाट बघ. किमान एक आठवडा तरी परत विचारू नकोस, दोन-तीन आठवडेही लागतात, आणि नवीन रिलीज निघाल्यावर दोन आठवड्यांची मर्ज विंडो असते तेव्हा तर मेंटेनर लोकांना मान वर करायला वेळ नसतो. उत्तर आलं तर ते कोरडं असेल. आपल्याकडे पत्रात आधी 'सप्रेम नमस्कार' लागतो, तिथं थेट 'हे का?' एवढंच येतं, ते मनाला लावून घ्यायचं नाही. उत्तर देताना त्यांच्या वाक्याच्या खाली लिही, वर नाही. बदल सांगितला तर अमेंड कर, फॉरमॅट-पॅचला व्ही-टू लावून नवीन काढ, आणि तीन डॅशच्या ओळीखाली लिही की पहिल्यापेक्षा काय बदललं, त्या ओळीखालचं कमिटमध्ये जात नाही, फक्त वाचणाऱ्यासाठी असतं.

किती महिने विचारलंयस. एवढ्याला दोन रविवार लागतील, त्यातला एक क्लोनचा.

प्रश्न : मी शाळेत मराठी शिकवते. लिबरऑफिस मराठीतून वापरते, त्यात काही मेनूंचं मराठी वाचवत नाही, एके ठिकाणी तर अर्थच उलटा झालाय. मुलगा म्हणतो आई तू गिट शिक आणि दुरुस्त कर. वयाच्या बावन्नाव्या वर्षी हे जमेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जमेल हो ताई, पण लागणारच नाही. मुलाला सांगा लिबरऑफिसची भाषांतरं वेबलेट नावाच्या साइटवर होतात, डॉक्युमेंट फाउंडेशनचीच आहे ती. खातं काढायचं, मराठी निवडायची, तो शब्द शोधायचा, समोर इंग्रजी आणि शेजारी मराठी असतं, तिथं सुधारून सुचवायचं. गिट मागे चालू असतं पण तुम्हाला ते दिसतही नाही. फक्त एकदम शंभर शब्द बदलू नका, आधी त्या मराठी गटाने कुठला शब्द कशासाठी धरलाय ते बघा. फाईलला फाईल ठेवायचं की धारिका, यावर आपल्या लोकांत किती भांडण होऊ शकतं ते मी तुम्हाला काय सांगू.

आणि तरी हौस म्हणून शिकायचं असेल तर एक भाषेचंच उदाहरण सांगतो. हे सॉफ्टवेअर मूळचं जर्मन कंपनीचं, त्यामुळे कोडमधल्या कितीतरी टिपा जर्मनमध्ये होत्या, आणि नवख्या लोकांनी वर्षानुवर्षं थोड्या थोड्या करून त्या इंग्रजीत आणल्या, कोडची एक ओळ न बदलता. पॅच म्हणजे प्रोग्रामच लिहिला पाहिजे असं नसतं. त्यांच्याकडे मेलऐवजी गेरिट नावाच्या साइटवर पॅच तपासतात आणि सोप्या कामांची ईझी हॅक म्हणून वेगळी यादीच असते. मुलालाच लावा तिथं, तो नुसता सल्ले देतोय.

प्रश्न : एका प्रोजेक्टसाठी तीन कमिटची मालिका तयार केली होती, दोन संध्याकाळी बसून. इंटरनेटवर वाचून गिट रिसेट हार्ड मारलं आणि सगळं गेलं. लॉगमध्ये काहीच दिसत नाही. परत लिहायला बसू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : थांबा, अजून काही टाईप करू नका, आणि इचलकरंजीवाल्यासारखं फोल्डर तर मुळीच उडवू नका. कमिट केलं होतं ना? मग गेलेलं नाहीये. गिट लॉग फक्त आत्ताच्या टोकापासून मागे चालत जाऊन जे दिसतं तेच दाखवतं, तुम्ही ते टोक मागे ओढलंत, तीन कमिट पुढे तसेच पडलेत पण त्यांच्याकडे बोट दाखवणारं कुणी नाही एवढंच. गिट रिफ्लॉग मारा. हेड, म्हणजे तुम्ही त्या वेळी ज्या कमिटवर असता ती खूण, कुठे कुठे फिरलं त्याची ती रोजनिशी आहे, सगळ्यात वर रिसेटची ओळ असेल, तिच्या खाली तुमचा तिसरा कमिट. त्या ओळीच्या सुरुवातीचा हॅश घ्या आणि त्याच्यावर नवी ब्रँच काढा. तीनही कमिट मागोमाग येतील, कारण प्रत्येकाला आपला आधीचा माहीत असतो. असे अनाथ कमिट रिफ्लॉगमध्ये मुळात ३० दिवस राहतात, सेटिंग बदललं नसेल तर, तेव्हा महिनाभर पत्राच्या उत्तराची वाट बघत बसला असता तर अवघड झालं असतं. हे उत्तर मी तुम्हाला आधीच मेलवरही पाठवलंय, अंक यायची वाट बघायला नको म्हणून.

ज्यांचं कमिट नव्हतं, नुसतं ॲड केलं होतं, त्यांनी गिट एफएससीके लॉस्ट-फाउंड लावून बघावं, फायलींची नावं जातात पण मजकूर सापडतो, मग एकेक उघडून ओळखत बसायचं. आणि ॲडही केलं नव्हतं तर गिटच्या हातात काहीच नाही, त्याने ते कधी बघितलेलंच नसतं. एडिटर अजून उघडा असेल तर अनडू दाबून बघा, तेवढंच.