रुमाल सोडण्यापूर्वी

प्रश्न : पंचवटीतील आमचा जुना वाडा लवकरच पाडला जाणार आहे. माळ्यावरच्या पेटीत मोडी कागदांचे सात-आठ रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आणि जमाखर्चाच्या वह्या सापडल्या. कागद विषयवार लावून लॅमिनेट करावेत, असा विचार आहे. हे काम रीतसर शिकण्यासाठी सुरुवात कोठून करावी? — एक वाचक, नाशिक

उत्तर : विषयवार लावण्याची घाई कृपया करू नका. एका रुमालात कोणते कागद एकत्र बांधले होते, ही त्या कागदांविषयीची माहितीच असते. कर्जरोख्याला लागून ठेवलेले एखादे साधे पत्र त्या कर्जाचे कारण सांगत असेल, आणि ते ‘पत्रव्यवहार’ नावाच्या नव्या फाइलीत गेले की तो दुवा कायमचा तुटतो. अभिलेखशास्त्रात ज्याला मूळ क्रमाचे तत्त्व म्हणतात, ते हेच. म्हणून आधी रुमालांना क्रमांक द्या, प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने अनुक्रमांक घाला आणि एका वहीत नोंद ठेवा. शक किंवा शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांत आढळणारी अरबी वळणाची कालगणना) दिलेला असेल, तर तो तसाच उतरवून घ्या. मोडी वाचता येत नसल्यास ‘मोडी, दोन्ही बाजूंना मजकूर, शिक्का आहे’ एवढे पुरे. अंदाजाने लिहिलेली नोंद पुढच्या अभ्यासकाला कोऱ्या नोंदीपेक्षा अधिक चकवते.

लॅमिनेशन नकोच. केलेला उपाय पुढे कागदाला इजा न होता काढता यावा, ही जतनाची पहिली अट असते, आणि उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक तसे निघत नाही. चिकटपट्टीचेही तेच, तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद प्लास्टिक पिशवीत बुरशी धरते. जुन्या कारकुनांची कापडात बांधण्याची पद्धत त्या मानाने शहाणपणाची, कारण कापडातून हवा खेळते. नवा मांजरपाट घ्याल, तर दोनदा धुऊन त्याची खळ काढा, कारण खळीवर कसर ही कीड येते. दमट कागद उन्हात नव्हे, सावलीत वाळवावेत.

रीतसर शिक्षणासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. आपणास मात्र मी आधी मोडी शिकण्याचा सल्ला देईन. जमल्यास पेशवे दप्तर, म्हणजे पेशवेकाळातील सरकारी कागदपत्रांचा संग्रह, जेथे आहे, ते पुण्याचे पुराभिलेखागारही पाहून यावे.

वाडा पाडण्याचे काम सुरू होण्याआधी पेटी तेथून हलवा. मात्र त्यापूर्वी झाकण उघडून, काहीही न हलवता, आतील रुमालांचे छायाचित्र घ्या.