नखांतली माती

"मुलगी 27 वर्षांची, इंजिनीअर. आठ महिन्यांपूर्वी डिप्रेशनचं निदान झालं, गोळ्या चालू आहेत. दोन महिन्यांपासून डॉक्टरांच्या सांगण्यावरून एका गटात जाते. दर शनिवारी पिरंगुटजवळच्या शेतावर आठ जण आणि एक समुपदेशक जमतात. वाफे करायचे, रोपं लावायची, खुरपायचं, मग बांधावर बसून बोलायचं. गडीकाम करायला आपणच पैसे मोजायचे? आमच्या घरात कधी कुणी खुरपं धरलं नाही. वर परक्यांसमोर घरातलं बोलायचं. निसर्गच हवा तर आम्ही तिला सिंहगडावर नेऊ, महाबळेश्वरला नेऊ, चुलत भावंडंही येतील. तिच्यासाठी मी नोकरी सोडली, जेवणाचं ताट हातात देते, शेतावरून आली की नखांतली मातीसुद्धा मीच ब्रशने काढते. मागच्या महिन्यात तिथून मेथीची एक कुंडी आणली, ती बाल्कनीत आहे. हा गट बंद करावा का?"
एक आई, पुणे

ताई,

बंद करायचाच असेल तर तो ब्रश बंद करा.

पैसे, परकी माणसं, महाबळेश्वर यांवर तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि नखांचं अर्ध्या वाक्यात उरकलंत. मी तिथेच अडकले. बेसिनपाशी 27 वर्षांची मुलगी दोन्ही हात पुढे करून उभी आहे आणि आई तिचं एकेक बोट धरून ब्रश फिरवतेय. असे हात आपण बालवाडीतल्या पोरांचे धुतो. ती काही बोलत नाही, म्हणून तुम्हाला वाटतं तिला चालतंय. अहो, या आजारात 'नको' म्हणायलासुद्धा बळ लागतं. ते नसलं की माणूस मुकाट्याने हात पुढे करतो.

शेतावर चालतं ते गडीकाम नाही. बरं वाटलं की उठेन, इच्छा झाली की करेन, असं म्हणत या आजारातला माणूस वाट बघत राहतो आणि ती इच्छा काही येत नाही. म्हणून उपचारात क्रम उलटा लावतात: आधी हातून काहीतरी घडू द्यायचं, मन मागून येतं. ते काम लहान हवं आणि त्याचं फळ डोळ्यांना दिसायला हवं. मेथी चार-पाच दिवसांत वर येते. या शनिवारी दाणे टाकले की पुढच्या शनिवारी वाफा हिरवा. आठ महिने 'माझ्याच्याने काही होत नाही' म्हणणाऱ्या मुलीला त्या वाफ्याशी वाद घालता येत नाही. नखांत माती घेऊन ती घरी येते, तेव्हा आज आपण काय केलं ते सोबत घेऊन येते. तेच तुम्ही दारातच घासून टाकता.

आणि ती कुंडी. तिला रोज पाणी कोण घालतं हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी पैजेवर सांगते, तुळशीला घालता घालता तुम्हीच घालता.

1970च्या दशकात एलन लँगर आणि ज्युडिथ रॉडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी अमेरिकेतल्या कनेक्टिकटमध्ये एका वृद्धाश्रमात एक प्रयोग केला. दोन मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांना एकेक रोप दिलं. एका मजल्यावर सांगितलं, याला पाणी परिचारिका घालतील. दुसऱ्या मजल्यावर सांगितलं, हे तुमचं, तुम्हीच बघा. आणि रोजच्या बारीकसारीक गोष्टीही तुम्हीच ठरवा. तीन आठवड्यांनी दुसऱ्या मजल्यावरची माणसं जास्त हुशारीत होती, जास्त हिंडत-फिरत होती, स्वतःच सांगत होती की आधीपेक्षा बरं वाटतंय. रोप दोन्हीकडे होतं. तुमच्या घरात, ताई, पहिला मजला चालू आहे.

झाडांमध्ये नुसतं चालण्याचाही गुण येतो, हे खरंच आहे. 2015 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मानसिक आजार नसलेल्या काही लोकांना 90 मिनिटं चालायला लावलं, काहींना झाडागवतातून, काहींना वाहत्या रस्त्याच्या कडेने. झाडागवतातून आलेल्यांचं तेच ते उगाळत बसणं कमी झालं, रस्त्यावरच्यांचं नाही. तेव्हा सिंहगडावर खुशाल न्या. पण तिथे तिच्यासोबत कोण असणार? सगळ्या गाडीचं लक्ष तिच्या चेहऱ्यावर. हसली का? पिठलं-भाकरी नीट खाल्ली का? 'आता बरं वाटतंय ना गं?' आणि तुमची सहल वाया जाऊ नये म्हणून ती बिचारी 'हो' म्हणणार. शेतावर कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे खाली मातीकडे बघतात. हात कामात असले की बोलणं आपसूक येतं, आणि शेजारच्या वाफ्यातला माणूसही त्या दिवशी दुपारी बारापर्यंत अंथरुणातून उठला नसेल, तर त्याला काही पटवून द्यावं लागत नाही. तुम्ही म्हणता ती परकी माणसं याच कामाची आहेत. तिथे काय बोलणं झालं, हे तिला विचारू नका.

गोळ्या मात्र चालूच राहू द्या, त्या डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय कमी करायच्या नाहीत. आणि जगणं नकोसं झाल्याचं एक अक्षर जरी तिच्या तोंडून आलं तर शनिवारची वाट बघू नका. त्याच क्षणी डॉक्टरांना गाठा किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लावा. तो रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं.

तुम्ही घाबरलेल्या आहात, हे मला कळतं. आठ महिने पोरीला नुसतं बघत बसायचं, काही करता येत नाही, आणि नखं तेवढी पाच मिनिटांत स्वच्छ होतात. पण ती नखं तिची आहेत. कुंडीही तिची. पाणी घालायला ती विसरली तर विसरू दे. मेथी वाळली तर ती पुढच्या शनिवारी तिथे सांगेल. वाळलेल्या मेथीबद्दल बोलायला तिथे सात जण बसलेत.

या शनिवारी ती आली की स्वयंपाकघरातच थांबा. बेसिनकडे जाऊ नका. 'चहा घेतेस?' एवढंच विचारा. तिने तसल्याच हातांनी कप धरला तर धरू दे, नंतर धुता येतो.