डेकवरचं पाणी आत मुरतं कुठून? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

पावसाळा सरला आणि बोटी पाण्यात उतरवायची तयारी सुरू झाली की गळतीचे प्रश्न येतात. या वेळचे पाचही प्रश्न २० ते ३० फुटी फायबरग्लास बोटींबद्दल आहेत.

आमच्या २४ फुटी बोटीच्या एका स्टँचनच्या (कठड्याच्या उभ्या दांडीच्या) बुडाशी पाणी झिरपतं, खालची गादी भिजते. बुडाभोवती दोनदा सिलिकॉन फिरवलं. महिनाभर बरं असतं, मग पुन्हा तेच. (मुंबई)

ते सिलिकॉन आधी काढून टाका. चढता-उतरताना माणूस स्टँचनला वरून धरतो तेव्हा ती अर्ध्या मीटरहून लांब दांडी तरफेसारखी वागते. बुडाची एक बाजू केसभर उचलली जाते आणि कडेचा थर फाटतो. फट डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला मात्र पुरते.

बहुतेक डेक म्हणजे फायबरग्लासचे दोन थर आणि मध्ये बाल्सा लाकडाचा, प्लायवूडचा किंवा फोमचा गाभा. गादी भिजली म्हणजे गळती निदान कळली. गाभ्यात मुरणारं पाणी कित्येक वर्षं कळत नाही. म्हणून इलाज कडेवर नको, बोल्टच्या भोकावर हवा.

फिटिंग पूर्ण उचला. सिलिकॉनचा अंश उरला तर त्यावर दुसरं काहीही धरत नाही, तेव्हा खरवडून मग पॉलिश पेपर मारा. बोल्ट ६ मिमीचे असतील तर वरचा थर आणि गाभा १२-१३ मिमीच्या बिटने रुंद करा, खालचा थर शाबूत ठेवा. बिटला टेप गुंडाळून खोलीची खूण केली की बिट खाली घुसत नाही. निघणारा भुसा बोटांत चोळून बघा. फिकट आणि कोरडा असेल तर पुढे चला. काळपट, ओला निघाला तर तिसरं उत्तर वाचा.

खालचं जुनं भोक टेपने बंद करा. आधी पातळ इपॉक्सी (हार्डनर कालवून घट्ट होणारं राळेसारखं द्रव्य) ब्रशने गाभ्याच्या कडांना पाजा. मग कोलॉइडल सिलिका (दाटपणा आणणारी पूड) घालून टोमॅटो सॉसइतकं दाट केलेलं इपॉक्सी सिरिंजने तळापासून वर भरा, म्हणजे हवा अडकत नाही. आपल्याकडच्या उन्हात स्लो हार्डनर घ्या आणि एका वेळी ५० मिलीपेक्षा जास्त कालवू नका; मोठ्या कपात ते स्वतःच्या उष्णतेनेच तापून आळतं. २४ तासांनी बरोबर मध्यावर ६ मिमीचं भोक पाडा. आता बोल्ट पूर्णपणे इपॉक्सीतून जातो. उद्या सील गेलं तरी गाभ्याला पाणी लागत नाही.

भोकाचं तोंड काउंटरसिंक बिटने १० मिमीपर्यंत तिरकं करा. ही पायरी बरेच जण गाळतात. सील म्हणून आपण ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावणार आहोत. सपाट भोकावर ती नुसती दाबून बाहेर येते; तिरकं तोंड असेल तर बोल्टभोवती तिचं कडं अडकून बसतं. बुडाला ३ मिमी जाडीचा थर लावा, बोल्टच्या डोक्याखाली टेपची बारीक वात वळून गुंडाळा. आवळताना वरच्या माणसाने बोल्टचं डोकं स्क्रूड्रायव्हरने घट्ट धरायचं आणि खालच्याने नट फिरवायचा. बोल्ट फिरला की ते कडं तुटलंच. एका दमात आवळू नका: आज थोडं, तासाभराने थोडं, उद्या पुन्हा. ब्यूटाइल हळूहळू सरकतं. बाहेर आलेलं प्लॅस्टिकच्या पात्याने कापा.

खाली निव्वळ वॉशर नको, ५-६ मिमी जाड फायबरग्लासची पट्टी टाका. आणि खालून सील करू नका. वरून पाणी शिरलंच तर ते केबिनमध्ये ठिबकून दिसायला हवं.

बोटीच्या दुकानात थ्रीएम ५२०० घ्यायला सांगितलं, ‘कायमचं काम होतं’ म्हणाले. घ्यावं का? (पुणे)

क्लीट (दोर बांधायची खुंटी), स्टँचन, विंच (दोर ओढायचं चाक), ट्रॅक या फिटिंगसाठी घेऊ नका. ५२०० हे मुळात चिकटवण्याचं द्रव्य आहे, पूर्ण सुकायला सात दिवसही लागतात. हल (बोटीचं धड) आणि डेकच्या जोडाला ते शोभतं. पुढे कधी फिटिंग काढायची वेळ आली तर त्यासोबत जेलकोटचे (वरच्या गुळगुळीत थराचे) पापुद्रे निघतात. त्याच जातीचं, म्हणजे पॉलियुरेथेनच हवं असेल तर थ्रीएमचंच ४२०० किंवा सिकाफ्लेक्स-२९१ घ्या.

पाण्याच्या रेषेच्या वर असलेल्या, बोल्टने कसलेल्या फिटिंगला आमची पसंती ब्यूटाइल टेपला. ती सुकून कडक होत नाही, फिटिंगबरोबर ताणली जाते. छपराच्या पत्र्याला लावतात ती ॲल्युमिनियमच्या पाठीची टेप ही नव्हे; दोन्ही बाजूंनी चिकट, कागदावर गुंडाळलेला रोल मागा. मात्र डिझेल भरायच्या तोंडाला ब्यूटाइल चालत नाही, इंधनाने ते विरघळतं. तिथे पॉलिसल्फाइड (दुसऱ्या जातीचं रबरी सीलंट) लावा. ॲक्रिलिकच्या खिडकीला पॉलिसल्फाइड आणि पॉलियुरेथेन दोन्ही वर्ज्य, तिथे खास त्या कामाचं स्ट्रक्चरल सिलिकॉन लागतं.

पुढच्या क्लीटजवळ पाय ठेवला की डेक दबल्यासारखं वाटतं. बारीक भोकं पाडून आत इपॉक्सी सोडलं तर भागेल का? (पणजी)

नाही भागणार. इपॉक्सी पाण्याला बाजूला सारून आत शिरत नाही. ओल्या, कुजलेल्या लाकडाभोवती त्याच्या गाठी होतात आणि पाणी आतच कोंडतं.

आधी व्याप्ती ठरवा. स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिकच्या मुठीने दर दोन-तीन सेंटिमीटरवर ठोकत जा. धड जागी ‘टक’ असा कोरडा आवाज येतो, सुटलेल्या जागी ‘थप’. सीमा पेन्सिलने आखा. डाग तळहाताएवढा असेल तर भोकातून वाकवलेली ॲलन की ड्रिलला लावून आतला गाभा चौफेर कुरतडून काढता येतो. पोकळी आठवडाभर उघडी ठेवून, वाळल्याची खात्री करून मगच भरा.

त्याहून मोठा असेल तर वरचा थर कापावा लागेल. करवतीची खोली थराच्या जाडीइतकीच, साधारण ३ मिमी ठेवा. कुजका गाभा काढा, त्याच जाडीचा नवा बाल्सा दाट इपॉक्सीत बसवा, कापलेला थर परत चिकटवा. जोडाच्या दोन्ही बाजूंना जाडीच्या बारापट रुंद उतार घासायचा, म्हणजे ३ मिमीला ३६, आणि त्यावर काचकापडाचे थर द्यायचे. उतार आखूड ठेवला की तडा तिथेच जातो. घासताना मास्क हवाच. क्लीटखालच्या जागेत मात्र बाल्सा पुन्हा घालू नका, ती पूर्ण दाट इपॉक्सीने किंवा फायबरग्लासने भरीव करा.

चेनप्लेट (डोलकाठीच्या तारा बोटीला जोडणारी पट्टी) डेकमधून जाते तिथे नारिंगी डाग पडलाय. स्टेनलेस स्टील असून गंज कसा? (ऑकलंड)

स्टेनलेसवरचा संरक्षक थर ऑक्सिजनवर टिकतो. डेकच्या खाचेत ओल साचून राहते, हवा पोहोचत नाही, आणि धातूला बारीक खड्डे पडून आतून चिरा जाऊ लागतात. वरचा-खालचा भाग लखलखीत दिसतो, रोग असतो नेमका त्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये. हा डाग पुसून सोडून देऊ नका. चेनप्लेट तुटली तर डोलकाठी जाते.

एका वेळी एकच श्राउड (डोलकाठीला बाजूने धरणारी तार) सोडा. त्याआधी एक हॅलयार्ड (शीड चढवायचा दोर) त्याच बाजूला भक्कम जागी बांधून ताणा. चेनप्लेट बाहेर काढून डाय पेनिट्रंटने (चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगाने) तपासा. खड्डा किंवा चीर दिसली की बदला, वेल्डिंग करून वापरू नका. खाचेभोवतीचा गाभा १० मिमी कोरून इपॉक्सीने भरा आणि खाच पट्टीपेक्षा चारही बाजूंनी २ मिमी रुंद ठेवा. शिडावर जोर आला की चेनप्लेट थोडी हलतेच, तेवढी जागा ब्यूटाइलला हवी. त्यावर कव्हर प्लेट.

जून ते सप्टेंबर बोट किनाऱ्यावर असते. समुद्राचं पाणीच लागत नाही, मग डेकची काळजी कशाला? (अलिबाग)

त्याच चार महिन्यांत जास्त. लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाच्या गोड्या पाण्यात जोमाने वाढते. शिवाय ठोकळ्यांवर बोट थोडी वेगळ्या कलाने बसली की पाणी निचऱ्याच्या भोकांकडे न जाता एखाद्या स्टँचनच्या बुडाशी डबक्यासारखं साचतं. बोट बसवल्यावर लगेच बादलीभर पाणी डेकवर ओता आणि ते कुठे थांबतं ते पाहून ठोकळे सारखे करा. ताडपत्री डेकला चिकटून नको, मधल्या आडव्या बांबूवरून दोन्हीकडे उतरती बांधा आणि पुढची-मागची टोकं वाऱ्याला उघडी ठेवा.