वाचकांचे प्रश्न : अहवालात नाव एका फंक्शनचे, चूक दुसऱ्याची

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असून लिनक्ससाठी एका यूएसबी उपकरणाचा ड्रायव्हर लिहीत आहे. उपकरण काढले की कधीकधी कासानचा (कर्नेलमधील मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाचा) ‘यूज आफ्टर फ्री’, म्हणजे मोकळी केलेली मेमरी वापरल्याचा अहवाल येतो. सर्वांत वर माझे वर्क फंक्शन (रांगेत लावलेले, नंतर चालणारे काम) दिसते आणि ‘फ्रीड बाय’ (मेमरी कोणी मोकळी केली) याखाली डिस्कनेक्ट फंक्शन, म्हणजे उपकरण काढल्यावर चालणारे. वर्क फंक्शनची ओळ न् ओळ तपासली, चूक सापडली नाही. प्रिंटके (लॉगमध्ये संदेश छापणाऱ्या ओळी) घातले तर अहवालच येत नाही. शोध कोठून घ्यावा?

उत्तर : वर्क फंक्शनमध्ये चूक नसावीच. कासान सर्वांत वर छापतो ती मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरली गेली ती जागा. म्हणून अशा वेळी वाचन ‘फ्रीड बाय’पासून सुरू करावे. उपकरण काढण्याआधी रांगेत लागलेले काम डिस्कनेक्टमधील केफ्रीनंतर (मेमरी मोकळी करणाऱ्या कॉलनंतर) चालले, एवढाच याचा अर्थ.

अहवालात ‘१९२ बाइटांच्या मोकळ्या तुकड्यात ६४ बाइट आत’ अशा अर्थाची ओळ असते. ‘पाहोल’ या साधनाने स्ट्रक्चरची मेमरीतील मांडणी काढून ६४व्या बाइटवर कोणते फील्ड आहे ते पाहावे, म्हणजे नेमके काय वाचले गेले ते कळते. शेवटी छापलेल्या शॅडो मेमरीत (मेमरीच्या स्थितीची कासानने ठेवलेली नोंद) दर आठ बाइटांमागे एक बाइट असतो; तिथे ‘एफबी’ असेल तर तुकडा मोकळा केलेला आहे, ‘एफसी’ असेल तर वापर तुकड्याची हद्द ओलांडून रेडझोनमध्ये, म्हणजे तुकड्याभोवतीच्या राखीव पट्ट्यात गेला आहे. ही दुसरी चूक वेगळी, तिचा शोधही वेगळा.

डिस्कनेक्टमध्ये केफ्रीपूर्वी ‘कॅन्सल वर्क सिंक’ (काम रद्द करून, चालू असल्यास ते संपेपर्यंत थांबणारा कॉल) घालावे; मात्र त्याच्याही आधी हे काम रांगेत लावणारा यूआरबी (यूएसबीवरील देवाणघेवाणीची विनंती) ‘यूएसबी किल यूआरबी’ने थांबवावा, नाहीतर रद्द केलेले काम पुन्हा रांगेत येईल. वर्क फंक्शन स्वतःच यूआरबी पुन्हा पाठवत असेल तर ‘यूएसबी पॉइझन यूआरबी’ वापरावे; त्यानंतर तो पुन्हा पाठवता येत नाही. पॉइंटर नल करण्याचा मोह बहुतेकांना होतो (मलाही झाला होता), पण वर्क त्याच स्ट्रक्चरमध्ये असून फंक्शन ‘कंटेनर ऑफ’ने वर्कच्या पत्त्यावरूनच स्ट्रक्चरचा पत्ता काढत असल्यामुळे त्याचा येथे काहीच उपयोग नाही.

प्रिंटकेने फक्त वेळेचे गणित बदलले, चूक जिथल्या तिथेच आहे. प्रिंटके काढून टाका, उपकरण शंभरेक वेळा काढून-जोडून पाहा आणि दर वेळी पहिल्याच अहवालावर भिस्त ठेवा. मेमरी एकदा बिघडली की त्यानंतरचे अहवाल बहुधा दिशाभूल करतात.