जुन्या मारुती 800 मध्ये अख्खा रविवार घालवून लोकांना मिळतं तरी काय? आणि मी घ्यावी का?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: तुमच्या मित्राने कुठून तरी एक जुनी मारुती 800 आणलीय, दर रविवारी तो तिच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून बसतो, आणि आता तुम्हीही एक घ्या म्हणून मागे लागलाय. यात मजा कसली, आणि घ्यावी की नाही?

मी तुमचा मित्र नाही, पण त्याच पंथातला आहे. साताऱ्यात शाळेत शिकवतो. माझी 800 ही 1996 ची आहे: पांढरी, चार गिअरची, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग), बिनएसीची. सहा वर्षांपूर्वी पस्तीस हजारांना घेतली. शाळेत मी स्कूटरवर जातो आणि घरात बायकोची एक नवी गाडी आहे. म्हणजे माझी ही बया एखाद्या सकाळी रुसून बसली तरी कुणाचं काही अडत नाही. पुढचं सगळं हे धरून वाचा.

एकदा मित्राच्या गाडीचं बॉनेट उघडून आत बघा. खालची जमीन दिसेल. नव्या गाडीत वरून एक काळं प्लास्टिकचं झाकण असतं आणि त्याखाली बोट शिरेल एवढीही जागा नसते. 800 मध्ये 796 सीसीचं तीन सिलिंडरचं छोटंसं इंजिन आडवं बसलेलं आहे आणि आजूबाजूला हात घालायला ऐसपैस जागा. ठिणगी पाडणारे तीन प्लग, तीन वायरी, त्या जिथून निघतात तो डिस्ट्रिब्युटर (गॅरेजात त्याला डेल्को म्हणतात), कार्बोरेटर आणि टाकीतलं पेट्रोल त्याच्याकडे ढकलणारा छोटासा पेट्रोलपंप. बस. पेट्रोल कुठून येतं, ठिणगी कुठून येते, हे बोटाने दाखवता येतं. मी नववीच्या मुलांना एकदा दाखवलंही आहे. गाडी बंद पडली तर प्रश्न दोनच: पेट्रोल येतंय का आणि ठिणगी पडतेय का? नव्या गाडीत एक दिवा लागतो, आपण सर्व्हिस सेंटरला जातो, ते लॅपटॉप लावतात आणि बिल देतात. बिघाड काय होता ते मला आजवर कुणी नीट सांगितलेलं नाही. 800 ने दरवेळी सांगितलंय.

खंबाटकीची गोष्ट सांगतो. मे महिना, दुपारचे दोन, पुण्याहून साताऱ्याकडे येत होतो. तेव्हा पुण्याकडे जाताना बोगदा लागायचा, पण येताना घाट चढावाच लागायचा. पुढे ट्रकांची रांग, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत चाललोय, मागच्या सीटवर सासूबाई. मधल्या वळणावर गाडीने दोन झटके मारले आणि बंद. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं, पण पकडत नाही. तोवर मी यूट्यूबवर बरंच पाहिलं होतं, प्रत्यक्षात मात्र घाम फुटला. मिस्त्रींना फोन लावला. ते म्हणाले, "सर, गरम झालीय, दुसरं काय नाय. पेट्रोलपंपावर वलं फडकं टाका आन् धा मिनिटं गप बसा." या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला असतो. इंजिन फार तापलं आणि वारा लागला नाही की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप वाफेला रेटत बसतो आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही. डब्याभोवतीचा नॅपकिन पाण्यात भिजवून पंपावर गुंडाळला. दहा नाही, पंधरा मिनिटं लागली. मग सेल्फ मारला आणि पहिल्या फटक्यात सुरू. सासूबाई म्हणाल्या, "तापाच्या पेशंटसारखंच की हे." तेव्हापासून डिकीत एक जुना पंचा कायम असतो.

त्या दिवशी जे वाटलं, त्यासाठीच आम्ही हे करतो. फडकं ओलं केलं आणि गाडी चालू झाली, यात शौर्य काही नव्हतं. पण का बंद पडली आणि का चालू झाली हे दोन्ही मला कळलं होतं. दिवसभर मुलांच्या वह्या तपासणाऱ्या आणि ऑनलाइन माहिती भरणाऱ्या माणसाला असं कधी कळत नाही.

आता एक काम जवळून दाखवतो, म्हणजे तुमचा मित्र तासन्‌तास करतो काय ते समजेल. गाडी हायवेला छान पळते, पण सिग्नलला उभी राहिली की थरथरते आणि बंद पडते. गॅरेजच्या भाषेत, स्लोवर उभी राहत नाही. बहुतेक वेळा दोषी असतो कार्बोरेटरमधला स्लो जेट. पितळेचा इवलासा खिळा समजा, त्याला मधोमध केसाएवढं भोक. पेट्रोलबरोबर आलेला एखादा कण त्यात अडकतो. एअर फिल्टरचं भांडं काढायचं, कार्बोरेटरचं झाकण खोलायचं, बारीक स्क्रू ड्रायव्हरने जेट सोडवायचा. तो हातातून निसटला तर थेट इंजिनाच्या सांदीत जातो, म्हणून मी आधी खाली जुनी चादर कोंबतो. मग जेट उजेडासमोर धरायचा. साफ असेल तर भोकातून प्रकाशाचा ठिपका दिसतो, नसेल तर अंधार. क्लीनरचा फवारा मारून फुंकायचं. टाचणी मात्र घालायची नाही! पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. मी ब्रशाचा नायलॉनचा केस वापरतो. तो ठिपका दिसला की काय वाटतं ते लिहून सांगता येणार नाही. नंतर सगळं बसवायचं, इंजिन गरम करायचं आणि स्लोचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत आवाज ऐकायचा. तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं थरथरणारच, त्याचा ताल मात्र एकसारखा हवा. रेडिओचं स्टेशन लावण्यासारखंच आहे ते.

प्लग वाचायलाही लवकर येतं. काढून टोक बघायचं. बिस्किटासारखा रंग असेल तर सगळं ठीक. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, अगदी पांढरं पडलं असेल तर कमी. डेल्कोतल्या पॉइंटची (ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या टोकांची) फट 0.4 ते 0.5 मिलिमीटर ठेवायची, त्यासाठी फिलर गेज नावाची पात्यांची जुडी मिळते. पुस्तकी वाटतं, पण दोन रविवारांत हात बसतो.

माझा हात बसण्याआधी नुकसानही झालंय. दुसऱ्याच महिन्यात मी प्लग इतका आवळला की हेडमधले आटे गेले. हेड अॅल्युमिनियमचं असतं, त्याच्याशी पैलवानकी चालत नाही. मिस्त्रींनी भोक मोठं करून, नवे आटे पाडून बुश बसवला. साडेनऊशे रुपये घेतले आणि वर ऐकवलं, "प्लग बोटानं फिरवायचा. पाना शेवटच्याच पाव फेऱ्याला." आता मी तसंच करतो. आणि हो, दहाचा पाना हरवतो. प्रत्येकाचा हरवतो. दोन घेऊन ठेवा.

थोडा इतिहास. पहिल्या 800 ची किल्ली 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींच्या हस्ते दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळाली. किंमत होती 47,500 रुपये. उत्पादन थांबलं जानेवारी 2014 मध्ये. सलग तीस वर्षं ही गाडी बनत होती, आणि ओम्नीतही जवळपास हेच इंजिन होतं. म्हणून सुटे भाग अजून मिळतात, तेही स्वस्त. साताऱ्यात नाही मिळाले तर मी पुण्याला नाना पेठेत जातो. काचेचं हँडल, दाराचं कुलूप असल्या गोष्टी बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही सापडतात, नशीब असेल तर. मिस्त्रीही कोणत्याही तालुक्याला सापडतो. कार्बोरेटरला हात लावणारे मात्र आता पन्नाशीच्या पुढचेच. पोरं म्हणतात, "सर, काढून टाका ते."

कुणी तुम्हाला प्रीमियर पद्मिनीचा मोह घालेल. सुंदर गाडी आहे, आपल्या कुर्ल्याला बनलेली, गिअर स्टिअरिंगलाच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतल्या शेवटच्या पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांच्या मर्यादेमुळे रस्त्यावरून गेल्या. त्याआधीची डुक्कर फियाट तर आता लग्नाच्या वरातीत नाहीतर प्रदर्शनातच दिसते. पण पहिल्याच खेपेला पद्मिनी घेऊ नका. भाग शोधण्यातच उत्साह संपेल.

आता पैशाचं. गाडी स्वस्त, भाग स्वस्त, एव्हरेज मला सोळा-सतराचं मिळतं. महाग होत चाललेत ते कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. माझं 2021 ला झालं तेव्हा फी 600 रुपये होती. एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली आणि ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी 10,000. पर्यावरण कर वेगळा, नव्या नंबरप्लेटचा खर्च वेगळा. 1,000 सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा तेवढा अजून झेपतो, 2022 च्या दराने मूळ हप्ता 2,094 रुपये आणि वर जीएसटी. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवायचीच नाही हा नियम दिल्ली आणि परिसराचा आहे, आपल्याकडचा नाही. लोक उगीच घाबरवतात.

दुसरी काळजी पेट्रोलची. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. रबर फुगतं, मग चिरतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवली तर टाकीत गंज धरतो. मी पेट्रोलच्या सगळ्या नळ्या नव्या, चांगल्या प्रतीच्या टाकल्या, एक जादा फिल्टर गाडीतच ठेवतो आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी वाईपर्यंत नेऊन आणतो. पेट्रोलचा वास आला तर त्या दिवशी गाडी बाहेर काढायची नाही. इथे कंजुषी करू नका, आग लागते.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. एअरबॅग नाही, एबीएस नाही, दाराचा पत्रा बिस्किटाच्या डब्याचा. अख्खी गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास. बंद पडली तर मी आणि शेजारी मिळून ढकलतो, ही त्याची चांगली बाजू. वाईट बाजू सांगायला नको. मी सत्तरच्या वर जात नाही आणि मुलांना घेऊन रात्री हायवेला निघत नाही. घरात ही एकच गाडी असणार असेल, तर माझं उत्तर सरळ "नको" असं आहे. त्यापेक्षा इंजेक्शनवाली, म्हणजे कार्बोरेटर नसलेली, जुनी अल्टो घ्या.

दुसरी गाडी म्हणून घेणार असाल तर इंजिनाला भुलू नका, इंजिन कुणीही करून देतो. पत्रा बघा. फ्रिजवर लावतो तसलं लोहचुंबक खिशात घेऊन जा आणि दाराच्या खालच्या कडेला, चाकांच्या कमानीला लावून बघा. चिकटलं नाही तर रंगाखाली पत्रा नाही, पुट्टी आहे. ड्रायव्हरच्या पायाखालची चटई उचला. बॅटरीखालचा ट्रे बघा. मी असाच एका गाडीची चटई उचलली तर खाली रस्ता दिसला, आणि मालक म्हणाले, "वारा छान येतो." कोकणातली गाडी असेल तर खाली झोपून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माण-खटाव, सोलापूरकडच्या गाड्यांचे पत्रे त्या मानाने चांगले निघतात. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, एजंट म्हणाला म्हणून नव्हे.

घेतल्याबरोबर काही न विचारता टायमिंग बेल्ट, पेट्रोलच्या नळ्या, ब्रेक ऑइल आणि प्लग बदलून टाका. बाकीचं सावकाश, एका रविवारी एकच काम. दोन कामं एकदम काढली की नंतर बिघाड कशाने झाला ते कळत नाही, आणि सोमवारी शाळेत हाताला ग्रीस घेऊन जावं लागतं.

आणि सकाळी गाडी सुरू करायला चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल मिळावं म्हणून ओढायची मूठ) ओढलात तर तो परत आत ढकलायला विसरू नका. मी दोनदा साताऱ्याहून वाईपर्यंत चोक ओढलेल्या गाडीत गेलोय आणि रस्ताभर बायकोला सांगत होतो की आज पिकअप जरा जडच वाटतोय.