‘सुप्रीम कोर्टाचा वकील’ म्हणजे नेमका कोण?

हायकोर्टाच्या खंडपीठात निकाल विरोधात लागला की संध्याकाळपर्यंत कुणीतरी ‘दिल्लीचा वकील’ सुचवतंच. मग तो वकील तिथे चालतो का, त्याला वेगळी सनद लागते का, अशी पत्रं माझ्याकडे येतात. उत्तरं देऊनही पुन्हा तीच येतात, म्हणून या वेळी एकत्रच घेते.

लातूरला एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. काका म्हणतात, हायकोर्टात दहा वर्षं काढल्याशिवाय सुप्रीम कोर्टाची सनद मिळत नाही. खरं का?

नाही. सुप्रीम कोर्टाची वेगळी सनदच नसते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी करा आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हा. अधिवक्ता अधिनियम 1961 चं कलम 30 तुम्हाला देशातल्या सगळ्या कोर्टांत वकिलीचा हक्क देतं, सुप्रीम कोर्ट धरून. (कायदा 1961 चा, पण हे कलम प्रत्यक्षात लागू झालं 15 जून 2011 रोजी. आपल्याकडे घाई अशी असते.) काकांची दहा वर्षं बहुधा संविधानाच्या अनुच्छेद 124 मधली आहेत. ती सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश होण्यासाठी, वकील होण्यासाठी नव्हे.

नोंदणी शुल्क 2024 च्या निकालानंतर खुल्या वर्गाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये आहे. कुणी ‘इतर खर्च’ म्हणून जास्त मागितले तर पावती मागा आणि कॉलेजच्या प्राचार्यांना दाखवा.

खंडपीठातले आमचे वकील दिल्लीत उभे राहू शकतात का? (जालना)

हो. मात्र एखाद्या ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डने (एओआर, म्हणजे सुप्रीम कोर्टात खास नोंदलेला वकील) त्यांना सूचना दिल्या पाहिजेत किंवा कोर्टाने परवानगी दिली पाहिजे. वकीलपत्र दाखल करणं आणि केस दाखल करणं ही कामं फक्त एओआरची.

ही एओआरची मक्तेदारी नाही का? (एक वकील, उदगीर)

तुमच्या आधी लिली इझाबेल थॉमस यांनी हाच मुद्दा सुप्रीम कोर्टात नेला होता. 1964 मध्ये कोर्टाने सांगितलं की असे नियम करण्याचा अधिकार आम्हाला आहे. दोषी ठरलेल्या आमदार-खासदारांच्या अपात्रतेचा 2013 चा निकाल ज्यांच्या याचिकेवर आला, त्याच या बाई. त्यांनाही इथे यश आलं नाही. वाद घालायला हरकत नाही, पण तोवर अशिलाचं काम अडवू नका.

चार वर्षं वकिली झाली. एक क्लासवाले म्हणतात, ‘ट्रेनिंगचं सर्टिफिकेटही आम्ही देऊ, एओआर परीक्षेत पासची गॅरंटी.’ फी भरू का? (नांदेड)

भरू नका. ट्रेनिंग क्लासमध्ये होत नाही. ते किमान दहा वर्षं जुन्या एओआरच्या हाताखाली, सलग एक वर्ष करायचं असतं आणि सर्टिफिकेट तोच देतो. हे वर्ष तुमच्या चार वर्षांत मोजलं जात नाही. ट्रेनिंग सुरू होईल त्या दिवशी नोंदणीला चार वर्षं पूर्ण झालेली हवीत, म्हणजे परीक्षेला बसेपर्यंत पाच होतात. ‘मागच्या तारखेपासून ट्रेनिंग दाखवू’ म्हणणारा भेटला तर तिथूनच परत फिरा. खोट्या सर्टिफिकेटने सुरू झालेली वकिली कुठे संपते हे सांगायला नको.

पेपर चार: कार्यपद्धती, मसुदालेखन, वकिली व व्यावसायिक नीती, आणि महत्त्वाचे निकाल. प्रत्येक पेपर शंभरचा. प्रत्येकात 50 हवेत आणि एकूण 60 टक्के, म्हणजे चार वेळा पन्नास मिळवून कुणी पास होत नाही. संधी पाच, आणि एकाच पेपरला बसलात तरी एक संधी गेली. त्यामुळे ‘अंदाज घ्यायला’ फॉर्म भरू नका.

पास झाल्यावर कोर्टापासून 16 किलोमीटरच्या आत दिल्लीत ऑफिस लागतं. नोंदणीनंतर महिनाभरात नोंदणीकृत क्लार्कही नेमावा लागतो. नोंदणी फी 250 रुपये, खरा खर्च त्या ऑफिसच्या भाड्याचा. नांदेडची प्रॅक्टिस सोडण्याआधी तिथे टिकलेल्या एखाद्या एओआरशी पैशाचं मोकळेपणाने बोला.

वडिलोपार्जित जमिनीचा दावा. खंडपीठात सेकंड अपील फेटाळलं. ‘सुप्रीम कोर्ट स्पेशालिस्ट’ असा बोर्ड लावलेल्या एका वकिलांनी कोऱ्या वकीलपत्रावर माझ्या आणि भावाच्या सह्या घेतल्या, पैसे घेतले आणि ‘केस दाखल झाली’ म्हणून मोबाइलवर एक नंबर पाठवला. सहा महिने झाले. फोन केला की म्हणतात, दिल्लीचं काम आहे, वेळ लागतो. (परभणी)

हे पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, कारण गावाचं नाव बदलून हेच माझ्याकडे सारखं येतं.

आधी तो नंबर बघा. त्याच्यापुढे ‘डायरी नंबर’ लिहिलंय का? मोंढ्याच्या गेटवर गाडीची नोंद झाली म्हणजे मालाचा लिलाव झाला असं नाही. डायरी नंबर मिळतो तो कागद खिडकीवर दिल्याबद्दल. मग रजिस्ट्री, म्हणजे कोर्टाचं कार्यालय, ते तपासते, त्रुटी काढते, त्या दूर केल्यावरच केसला खरा नंबर पडतो. त्रुटी काढल्यावर फाइल तशीच पडून राहते आणि इकडे अशिलाला ‘केस चालू आहे’ सांगितलं जातं. कोर्टाच्या संकेतस्थळावर डायरी नंबर आणि वर्ष टाकलं की स्थिती दिसते. घरातल्या बारावीच्या पोराला सांगा, पाच मिनिटांत काढून देईल.

आपल्याकडच्या जमिनीच्या केसमध्ये एक त्रुटी हमखास असते, ती भाषांतराची. तुमच्या फाइलमध्ये 1954 चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) असेल, इनामाची जमीन असेल तर निजामकाळातला मुंतखब (इनामाचा दाखला) असेल, तो उर्दूत. सात-बारा आणि फेरफार मराठीत. सुप्रीम कोर्टात इंग्रजी भाषांतराशिवाय यातला एकही कागद चालत नाही. जुनी उर्दू वाचणारा आणि इंग्रजीत नीट उतरवणारा माणूस रात्रीत सापडत नसतो. जमिनीच्या मापाचे आकडे चुकले की चतुःसीमाच बदलते. सहा महिन्यांत तुमच्याकडे कुणी मूळ कागद मागितले का? नसतील, तर काम कितपत झालंय याचा अंदाज तुम्हालाच येईल.

आता वकीलपत्र. त्यावर एओआरचं नाव कुणाचं आहे? कोर्टाची नोटीस त्याच्याकडे जाते, दाखल केलेल्या कागदाची जबाबदारी त्याची. एओआरची यादी संकेतस्थळावर आहे, नाव ताडून बघा. काही जण सहीपुरते पैसे घेतात आणि फाइल उघडतही नाहीत. नियमांत अशा ‘नुसतं नाव देण्याला’ गैरवर्तन म्हटलंय. कोऱ्या वकीलपत्रावर सही म्हणजे कोऱ्या चेकवर सही. राहिला बोर्ड. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला पाटीवर आपण अमुक कामात तज्ज्ञ आहोत असं लिहिता येत नाही. ‘सुप्रीम कोर्ट स्पेशालिस्ट’ हे शब्द दिसले तिथेच तुम्ही सावध व्हायला हवं होतं.

आणि मुदत. हायकोर्टाच्या निकालापासून विशेष अनुमती याचिकेला, म्हणजे सुप्रीम कोर्टाकडे अपिलाची परवानगी मागायला, 90 दिवस. ‘उशीर माफ होतोच’ हे पारावरचं ज्ञान आहे. सरकारची अपिलंसुद्धा उशिरापायी फेटाळली गेली आहेत. माफी मागायला कारण लागतं, पुरावा लागतो, आणि ‘वकिलांनी सांगितलं नाही’ एवढंच म्हणून भागेलच असं नाही. शिवाय अनुच्छेद 136 खाली अनुमती देणं न देणं कोर्टाच्या मर्जीवर आहे. आधीच अरुंद दार, त्यात उशिरा पोहोचायचं कशाला?

या आठवड्यात हे करा. त्या वकिलांकडून लेखी एओआरचं नाव, दाखल कागदांची प्रत आणि त्रुटींची यादी मागा. खंडपीठाच्या निकालाची प्रमाणित प्रत स्वतःजवळ ठेवा. मग हे सगळं घेऊन दुसऱ्या एखाद्या एओआरला समक्ष दाखवा. वकील बदलायचा तर आधीच्याची ना हरकत किंवा कोर्टाची परवानगी लागू शकते, तेही तोच सांगेल.

सीनियर ॲडव्होकेट होण्याची परीक्षा कधी असते? (हिंगोली)

नसते. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम 16 खाली कोर्ट तो दर्जा देतं. सीनियरलाही एओआरशिवाय उभं राहता येत नाही.

मला वकील नको. माझी केस मी स्वतः, मराठीत मांडली तर? (बीड)

स्वतः मांडता येते, मराठीत नाही. अनुच्छेद 348 नुसार तिथलं कामकाज इंग्रजीत चालतं. वकील का करता येत नाही आणि कोर्टाने दिला तर घ्याल का, हे अर्जात लिहावं लागतं. मग रजिस्ट्रार तुमच्याशी बोलून मत देतात. हौसेपोटी हा मार्ग धरू नका. अर्ज करण्याआधी एकदा वकिलाला विचाराच. फी परवडत नसेल तर पुढचं उत्तर वाचा.

ताई, नवरा वारला, जमीन दिराच्या नावावर गेली, खंडपीठातही हरले. दिल्लीची फी झेपणार नाही. (धाराशिव)

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12: महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातींना आणि कोठडीतल्यांनाही. सुप्रीम कोर्टासाठी वेगळी विधी सेवा समिती आहे, ती वकील देते. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, किंवा 15100 वर फोन करा. जाताना निकालाची प्रमाणित प्रत, आधार कार्ड, पतीचा मृत्यू दाखला आणि फेरफार न्या. निकालाची तारीख पत्रात लिहिली नाहीत; ती आधी बघा आणि 90 दिवसांतले किती उरलेत ते मोजूनच घराबाहेर पडा.