बेळगावात मोफत मराठी न्यूज पोर्टल काढलं तर जाहिरातींवर भागतं का?

तुम्ही विचारलंय की बेळगाव-खानापूर भागात मराठी बातम्यांचं मोफत पोर्टल काढलं तर नुसत्या जाहिरातींवर घर चालेल का. मी इथं असंच पोर्टल चालवतो म्हणून सरळ सांगतो, गुगलच्या जाहिरातींवर नाही चालत, लोकल जाहिराती मिळाल्या तर कसंबसं भागतंय.

अ‍ॅडसेन्सला, म्हणजे साइटवर जाहिराती लावून पैसे देणाऱ्या गुगलच्या सेवेला, मराठी साइट २०१८ पासून चालते, पण आपली अडचण वेगळीच आहे. मराठीत जाहिरात करणारा कॅम्पेन लावताना बहुतेक वेळा महाराष्ट्र निवडतो, झालं, आपला सगळा सीमाभाग त्यातून बाहेर. महाराष्ट्रातल्या कागलात मोबाइलवर जी जाहिरात दिसते ती कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडं निपाणीत दिसेलच असं नाही. वर १०० डॉलर साठल्याशिवाय पेमेंट सुटत नाही, ते साठायला छोट्या पोर्टलला महिने जातात.

आणि वाचक साइटवर येतोय कुठं? बातमी टाकली की कुणीतरी अख्खा मजकूर कॉपी करून वॉट्सअ‍ॅप ग्रुपला टाकतंय, तालुकाभर वाचली जाते पण आपले व्ह्यू तेवढेच.

खर्च कुठल्या बातमीला लागतो तेही बघा. म्हादईचं पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा प्रकल्पाचं काम कुठवर आलंय बघायला कणकुंबीला जायचं म्हणजे पेट्रोल, अख्खा दिवस, मग शेतकऱ्यांचं ऐकायचं, अधिकाऱ्याला गाठायचं, तेव्हा कुठं बातमी होते, आणि तिच्यापेक्षा हायवेवरच्या अपघाताच्या दोन फोटोंना जास्त व्ह्यू. मग पोर्टलवाले हळूहळू अपघात, मारामारी आणि वाढदिवस यावरच येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण खानापुरातल्या मराठी शाळेचं छप्पर गळतंय हे दाखवायला पुण्या-मुंबईचं चॅनल येणार नाही हो.

लोकलमध्ये सराफ, क्लासेस, कापड दुकान, सहकारी सोसायट्या यांना धरा. बॅनर महिन्याच्या रेटनं द्या, व्ह्यूवर अजिबात नको, निम्मे पैसे आधीच घ्या कारण गणपती-दिवाळी झाली की वसुलीला कुणी फोन उचलत नाही. पुढाऱ्यांच्या शुभेच्छा भरपूर मिळतात पण त्यांच्याविरुद्ध बातमी लागली की जाहिरात बंद, म्हणून एकाच माणसावर सगळं टेकवू नका. सुरुवातीला एकच तालुका घ्या आणि हातातली नोकरी निदान पहिलं वर्षभर तरी सोडू नका.